तिकिटाच्या अलीकडचा प्रवास

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. कळंबोलीजवळचं रोडपाली तिथल्या धावपट्टीपासून काही किलोमीटरवर. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले हमाल, ट्रकचालक, तळोजा एमआयडीसीतले कंत्राटी कामगार यांची कितीतरी मुलं या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत वाढतात. त्यांच्यापैकी कुणाला परदेशी जायचं झालं, तर अडतं कुठे? तिकिटाच्या पैशांपाशी, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, त्याच्या बरंच आधी.

पासपोर्टची १५०० रुपये फी कशीबशी जमते. जमत नाहीत ती कागदपत्रं. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं. आधारवर पत्ता गावचा, राहणं इथे, आणि घरमालक नोंदणीकृत भाडेकरार करून द्यायला तयार नाही. ज्या घरात वडिलांचा पत्ताच नाही, तिथे तर अर्जच अडून राहायचा. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सोपा केला: आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाचं नाव पुरे. एकट्या आईच्या मुलांसाठी हा बदल किती मोठा आहे, हे अजून अनेक वस्त्यांत पोचलेलंच नाही.

मुंबईच्या ‘क्रांती’ या संस्थेने हे सगळे अडथळे जवळून पाहिले आहेत. वेश्यावस्तीतल्या मुलींसोबत ती काम करते. कामाठीपुऱ्यात वाढलेली श्वेता कट्टी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात शिकायला गेली. पुढे संस्थेच्या मुलींनी ‘लालबत्ती एक्सप्रेस’ या आपल्याच आयुष्यावरच्या नाटकाचे प्रयोग अमेरिकेत केले. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातूनच अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार झाला. त्या स्पर्धेत खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. मला हा नियम फार आवडतो, कारण दर वेळी नव्या मुलांचे पासपोर्ट निघतात.

एकाच्या मदतीने मात्र क्वचितच भागतं. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे दीड हजार आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढं सगळं एकत्र करावं लागलं.

आज केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती वेगळी. या योजना शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता, विमानभाडं देतात. पण त्यासाठी हातात प्रवेशपत्र हवं. ते मिळेपर्यंतची इंग्रजीची परीक्षा, अर्जांच्या फिया, हेतुपत्र कसं लिहायचं हे सांगणारं माणूस, हे सगळं ज्याचं त्याने बघायचं. नेमक्या याच टप्प्यावर बुलढाणा जिल्ह्यातून आलेले राजू केंद्रे काम करतात. २०१७ मध्ये त्यांनी ‘एकलव्य’ सुरू केली, २०२१ मध्ये स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलांना त्यांची संस्था अर्जापासून सोबत करते. सरकारी योजनेतच अशी सोबत असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

शिकायला नव्हे, कामाला जाणाऱ्यांचं काय? दहावी न झालेल्या तरुणाला साधारणपणे ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) पासपोर्ट मिळतो. मग आखातातल्या देशांसह १८ देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. फसवणूक टाळण्यासाठीचीच ही तरतूद, पण तिच्या धास्तीने पोरं दलालाच्या हाती सापडतात. दहावी झाली की ही अट उरत नाही. शाळा सुटलेल्यांना बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. रोडपालीतल्या मंडळांनी आपल्या फलकावर त्या फॉर्मची मुदत दर वर्षी लिहावी, आणि तो भरून द्यायला संध्याकाळी दोन तास कुणीतरी बसावं.