एकाच शेतात दोन जमिनी

लखनौ म्हटले की इमामबाडे, चिकनचे नाजूक भरतकाम आणि दशहरी आंबा डोळ्यांपुढे येतात. दशहरीसाठी प्रसिद्ध असलेला मलिहाबादचा परिसर शहराच्या वायव्येस आहे. पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या पोयट्याच्या जमिनीत तेथे दूरवर आमराया पसरल्या आहेत. याच शहरातून कानपूरच्या रस्त्याने निघाले की बंथरा हे गाव लागते. आज राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १९५०च्या दशकात प्रयोगांसाठी तेथील जी जमीन निवडली, तिच्यात गवतही धड उगवत नव्हते. एकाच जिल्ह्यातील जमिनीत एवढा फरक कशामुळे पडतो?

बंथऱ्याच्या जमिनीला उत्तर भारतात 'उसर' म्हणतात. महाराष्ट्रातील शेतकरी तशा जमिनीला 'चोपण' म्हणतो. हिमालयातील खडक झिजून निघालेले क्षार पाण्याबरोबर मैदानात येतात. सखल जागी पाणी साचते, उन्हाने आटते आणि सोडियमचे क्षार मागे उरतात. वर्षानुवर्षे असे घडत गेले की मातीचे कण सुटे होऊन तिची छिद्रे बुजतात. मग पावसात चिखल आणि उन्हात दगडासारखी ढेकळे, अशी तिची अवस्था होते. मातीचा सामू ८.५च्या वर जातो; तीव्र उसर जमिनीत तो १०चाही पल्ला ओलांडतो. पृष्ठभागावर 'रेह' नावाची पांढरी पुटी चढते. पूर्वी धोबी ती कपडे धुण्यासाठी वापरीत.

जमिनीचे गुण उंचसखलपणाप्रमाणे बदलतात, हे दख्खनच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. माळावर मुरमाड व उथळ, उतारावर मध्यम आणि नाल्याकाठी भारी काळी, हा क्रम तो रोज पाहतो. ब्रिटिश मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेतील टेकड्यांवर असाच क्रम पाहून त्यास 'कॅटेना', म्हणजे साखळी, असे नाव दिले. लखनौभोवतीचे मैदान मात्र नजरेला सपाट दिसते आणि तेथेच फसगत होते. वीतभर खोलगट भाग, खाली दडलेला चुनखडीच्या कंकराचा थर किंवा जवळून जाणारा झिरपता कालवा एवढे कारणही उसर पट्टा निर्माण होण्यास पुरते. त्यामुळे गहू डोलणाऱ्या शेतातच मध्ये ओसाड ठिगळ दिसते. खतौनीवर किंवा सातबाऱ्यावर शेत एकच असते. जमिनी मात्र दोन असतात.

ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास नुकसान शेतकऱ्याचे होते. चांगल्या भागाची आणि उसर ठिगळाची माती एकत्र करून तपासली, तर येणारा आकडा दोहोंपैकी कोणत्याच भागाचा खरा नसतो. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेच्या आरंभीच्या पद्धतीत बागायती क्षेत्रात २.५ हेक्टरांच्या, तर जिरायती क्षेत्रात १० हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेतला जाई. देशभराचे चित्र मिळविण्यासाठी ही पद्धत उपयुक्त होती. पण लहान खातेदाराच्या शेतातील ठिगळ अशा चौकटीत सहज हरवते.

सुधारणेचा खर्च पाहिला म्हणजे याचे महत्त्व कळते. तीव्र उसर जमिनीस हेक्टरी १० ते १५ टन जिप्सम लागू शकते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम साचवून ठेवलेल्या पाण्याबरोबर खाली निचरून जातो. म्हणूनच पहिले पीक भाताचे घेतात. कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र १९९९पासून लखनौत आहे. उसर जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या वाणांवर तेथे काम झाले आहे. मात्र सरासरी आकड्यावर विसंबून सर्व शेतात सारखे जिप्सम टाकले, तर चांगल्या भागावर पैसा वाया जातो आणि ठिगळाला मात्रा अपुरी पडते. कर्ज काढून खर्च केला असेल, तर हप्ते मात्र ठरल्या वेळी भरावेच लागतात.

यासाठी उपाय साधा आहे. रंग, उंचसखलपणा, पिकाची वाढ आणि पाणी साचण्याची जागा पाहून शेताचे भाग पाडावेत. प्रत्येक भागातून नागमोडी चालीने आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी, ती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना वेगळ्या पिशवीत भरावा आणि पिशवीवर त्या भागाची खूण लिहावी. फळबाग लावायची असल्यास वरच्या वीतभर थरावर भरवसा न ठेवता खोल खड्डा घेऊन खालचे थरही तपासावेत. आंब्याचे मूळ कंकराच्या थरावर अडते, ते ध्यानी येईतो काही वर्षे निघून गेलेली असतात.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा असो वा सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या चोपण जमिनी, हाच नियम तेथेही लागू पडतो. कर्जाचा अर्ज लिहिण्यापूर्वी शेतकऱ्याने एकदा आपले शेत बांधापासून बांधापर्यंत पायी फिरून पाहावे. कोणत्या भागात किती पैसा घालायचा, याचा पहिला अंदाज त्याला तेथेच येईल.