गजराला नंबर हवा

कोकणात वैभववाडीच्या एखाद्या गावात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, रंगते. दोन बुवा पेटी घेऊन समोरासमोर बसलेले, पखवाज आणि झांजा टिपेला पोचलेल्या, आणि गर्दीतून मोबाइल वर उठलेले. पहाटेपर्यंत भजनाचा गजर इंटरनेटवर चढतो. कधी बुवांच्या नावाने, कधी नुसता ‘जबरदस्त गजर’ म्हणून. ज्याचा घसा रात्रभर तापला, त्याचं नाव तिथेच गळतं.

नाव गळण्याची ही भीती ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली. तबकड्या मात्र जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कामगारांना लेबल नीट लावता यावं म्हणून गौहर जान गाण्याच्या अखेरीस इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. तबकडीवर मॅट्रिक्स नंबरही कोरलेला असे. जुन्या तबकड्यांचे संग्राहक त्याच नंबरावरून आजही ध्वनिमुद्रणाचा माग काढतात.

आज हे काम दोन क्रमांक वाटून घेतात. बारकोड असतो अख्ख्या अल्बमचा, म्हणजे विकायच्या वस्तूचा. भारतात नोंदवलेला बारकोड ८९० ने सुरू होतो. त्यातला तेरावा अंक राखणदार, बाकीच्यांतली चूक पकडणारा. उदाहरणार्थ ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवले तर २८; उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. दहाच्या पाढ्यातली संख्या गाठायला आणखी काहीच मिळवावं लागत नाही, म्हणून तेरावा अंक शून्य. यातला कुठलाही एक अंक चुकला तर गणित जमत नाही आणि यंत्र क्रमांक नाकारतं. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही बहुतेक वेळा पकडली जाते. १ आणि ६ सारखी, पाचाच्या फरकाची जोडी तेवढी निसटते.

दुसरा क्रमांक आयएसआरसी (इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड). तो प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र, बारा अक्षर-अंकांचा: सुरुवातीला नोंदणीदाराची ओळख, मग कोड दिल्याचं वर्ष, शेवटी पाच आकडी क्रमांक. तोच अभंग बुवांनी पुढच्या वर्षी पुन्हा मुद्रित केला तर कोड नवा. जुनं मुद्रण दुसऱ्या अल्बममध्ये घातलं तर कोड जुनाच. तुकोबांच्या अभंगावर कुणाची मालकी नाही, पण बुवांच्या त्या मुद्रणाला भारतीय कायद्याने प्रकाशनानंतर साठ वर्षं संरक्षण आहे. गाणं किती वेळा वाजलं याचा हिशेब ऑनलाइन संगीतसेवा याच कोडच्या आधारे ठेवतात.

मला खटकतं ते हे की आयएसआरसीमध्ये राखणदार अंकच नाही. टंकताना एक आकडा चुकला तरी तो कोड दिसायला बरोबरच दिसतो, आणि हिशेब दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकतो. शिवाय कोड म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती फक्त ओळख. कागदावरचा करार वेगळा लागतोच.

भारतात हे कोड देण्याची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते, आणि गाणी ऑनलाइन पोचवणारे वितरकही ते देतात. म्हणून भजनी मंडळांना एवढंच सांगणं: पुढच्या बारीचं मुद्रण बाहेर सोडण्याआधी कोड घ्या. बुवा, पखवाजवादक आणि कोरस यांची नावं त्यासोबत नोंदवा, आणि तो कोड मंडळाच्या वहीत एकेक आकडा ताडून लिहून ठेवा.