भोवऱ्यांचे तर्कशास्त्र

नदीतला भोवरा नावाड्याला नकोसा असतो. विजेच्या राज्यातही असाच एक भोवरा आहे. अभियंत्यांनी त्याला बहुधा शत्रूच मानले. पण आता काही शास्त्रज्ञ त्याच्याकडून आकडेमोड करवून घेऊ पाहत आहेत.

१९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ऑनेस यांना आढळले की, पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो. अशा पदार्थाला अतिवाहक म्हणतात. अतिवाहक चुंबकी क्षेत्राला सहसा आत शिरू देत नाही. परंतु १९५७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी दाखवून दिले की, काही अतिवाहकांत ते क्षेत्र बारीक धाग्यांच्या रूपाने शिरते आणि प्रत्येक धाग्याभोवती विद्युत्प्रवाह गरगर फिरत राहतो. हाच तो भोवरा. तो जागचा हलला की ऊर्जा खर्ची पडते. म्हणून अतिवाहक चुंबक बनविणारे त्याला जखडून ठेवतात.

श्रोतेहो, या उपद्रवी भोवऱ्याचा एक गुण मात्र मोठा आहे. तो अर्धामुर्धा नसतो. तो आहे किंवा नाही, एवढेच. आणि गणकयंत्राची सारी भाषा तरी शून्य व एक या दोनच अक्षरांची! शिवाय नायोबियम धातूत त्याचा गाभा मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो.

२००७ साली बेल्जियममधील अँटवर्प विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एक योजना मांडली. अतिवाहकाच्या चौकोनी चकतीत चार छिद्रे आणि त्यांत भोवरे दोनच. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कर्णाच्या दोन टोकांना जाऊन बसतात. कर्ण दोन, तेव्हा अवस्थाही दोन: एक शून्याची, दुसरी एकाची. शेजारच्या चौकोनातील भोवरे त्यांना रेटतात आणि निरोप पुढे सरकतो. पुढे २०१५ साली स्टॉकहोम येथे विजेच्या लहानशा ठोक्याने एकच भोवरा आत आणणे, बाहेर घालविणे आणि तो आहे की नाही हे वाचणे प्रत्यक्ष साधले. स्मरणाचा एक कण हाती आला. संपूर्ण गणकयंत्र अद्याप दूर आहे.

शेवटी हिशेब येतो तो थंडाव्याचा. उणे २६९ अंशांवरून एक वॉट उष्णता बाहेर काढण्यास आदर्श यंत्रालाही सुमारे ७० वॉट लागतात; प्रत्यक्षातील यंत्राला त्याहून पुष्कळच अधिक. भोवऱ्याने हे ऋण फेडून वर बचत दाखविली, तरच तो नावाड्याचा वैरी न राहता सोबती ठरेल.