उपनगरातली सुशी : भात, मासा आणि ग्राहक

सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात आणि त्याच्या जोडीला मासा, भाजी, अंडे किंवा टोफू. कच्चा मासा हा तिचा फक्त एक प्रकार आहे. मासा नसला तरी सुशी होते, भात नसला तर होत नाही. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात आणि तो वेगळा पदार्थ मानला जातो. एवढा फरक ध्यानात ठेवला, तरी पहिल्यांदा जपानी रेस्टॉरंटची पायरी चढणाऱ्या ग्राहकाची निम्मी धास्ती कमी होते.

मुंबईत सुशीला प्रतिष्ठा मिळाली ती पंचतारांकित हॉटेलांतून. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमध्ये 2004 मध्ये जपानी शेफ मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाने ‘वसाबी’ हे रेस्टॉरंट सुरू झाले. तेव्हा सुशी ही मोठ्या समारंभाची आणि मोठ्या बिलाची गोष्ट होती. पुढच्या दीड-दोन दशकांत ती पश्चिम उपनगरांत उतरली. वांद्र्यात ‘कोफुकू’ आले. 2018 मध्ये शेफ नूरेशा काबली यांचे ‘इझुमी’ हे छोटेखानी रेस्टॉरंट तिथेच सुरू झाले, तर 2021 मध्ये खारला ‘मिझू इझाकाया’ उघडले. याच पट्ट्यातल्या विलेपार्ल्याहून लोकलने निघाले की सांताक्रूझ आणि खार रोडनंतर तिसरे स्टेशन वांद्रे. पार्ल्यातला सुशीचा ग्राहक त्यामुळे वांद्रे-खारला जातो, जुहू-अंधेरीच्या आशियाई रेस्टॉरंटांत जातो, नाहीतर घरीच मागवतो. मिठीबाईच्या आसपासची कॉलेजची मुले, पूर्वेकडचे, मासे आवडीने खाणारे मराठी कुटुंब आणि पश्चिमेकडचे शाकाहारी गुजराती-जैन घर असा हा ग्राहकवर्ग मिश्र आहे. कित्येकदा हे सगळे मित्र म्हणून एकाच टेबलावर बसलेले असतात. उपनगरातल्या सुशीचा मेन्यू या टेबलाकडे पाहूनच घडला आहे.

रस्त्यावरचे खाणे ते फिरता पट्टा

सुशीचे मूळ मासा टिकवण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून आंबवत. खायच्या वेळी मासा घेत आणि आंबलेला भात टाकून देत. जपानमधल्या बिवा सरोवराच्या काठी ‘फुनाझुशी’ या नावाने ही पद्धत अजून चालू आहे. पुढे भातही खाल्ला जाऊ लागला. भाताला आंबवण्याने येणारी आंबट चव व्हिनेगरने तत्काळ आणता येते हे कळल्यावर महिन्यांचे काम मिनिटांवर आले.

आज जगभर ओळखीची असलेली निगिरी सुशी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा काप, एदो शहरात 1820च्या दशकात रूढ झाली. एदो म्हणजे आजचे टोकियो. तिचे श्रेय हानाया योहेई याला देतात. घाईत असलेल्या शहरी माणसाने रस्त्यावरच्या गाडीशी उभ्या उभ्या खायचा हा पदार्थ होता आणि त्याचा घास आजच्यापेक्षा मोठा असे. 1923च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाले, तिथले सुशीचे कारागीर आपापल्या गावी परतले आणि निगिरी देशभर पसरली. 1958 मध्ये योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ पहिले फिरत्या पट्ट्याचे सुशी रेस्टॉरंट काढले. बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. सामान्य पगारदाराला सुशी परवडू लागली ती या पट्ट्यामुळे.

त्यानंतरचे बदल जपानबाहेर झाले. लॉस एंजेलिसमध्ये 1960-70च्या सुमारास आव्होकाडो आणि खेकडा घातलेला कॅलिफोर्निया रोल लोकप्रिय झाला. समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा खायला तिथले लोक कचरत, म्हणून शेवाळ आत आणि भात बाहेर अशी उलटी गुंडाळी रूढ झाली. सुशीवरचा केशरी सामन माशाचा काप पारंपरिक वाटतो, पण तोही अलीकडचा आहे. पॅसिफिकमधल्या सामनमध्ये परजीवी आढळत असल्याने जपानी लोक तो कच्चा खात नसत. 1980च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सामन जपानी बाजारात नेटाने खपवला, तेव्हा कुठे तो सुशीवर चढला. म्हणजे ज्या शहरात सुशी गेली, त्या शहराने तिच्यात भर घातली. मुंबईच्या शाकाहारी रोलकडेही याच ओळीतला बदल म्हणून पाहिले पाहिजे. त्याला नकली ठरवणे अन्यायाचे आहे.

काउंटरवर

सुशीच्या रेस्टॉरंटात टेबलापेक्षा काउंटरची जागा मानाची असते. तिथून शेफचे हात दिसतात. जपानी पद्धतीच्या ठिकाणी आत शिरताच कर्मचारी ‘इराश्शाइमासे’ असे स्वागत करतात आणि हात पुसायला ओला, बहुधा गरम रुमाल देतात. मेन्यूतले ‘ओमाकासे’ म्हणजे निवड शेफवर सोपवणे: त्या दिवशी जे उत्तम असेल ते एकेक करून समोर येते.

निगिरी घडते काही सेकंदांत, पण तिची तयारी सकाळपासून चाललेली असते. तांदूळ आखूड दाण्याचा, जपानी जातीचा लागतो. शिजल्यावर इंद्रायणीच्या भातासारखा मऊ आणि चिकट होणारा. भात गरम असतानाच त्यावर व्हिनेगर शिंपडून पसरट लाकडी भांड्यात उलथण्याने काप दिल्यासारखा हलवतात आणि वारा घालतात. त्यामुळे दाण्याला चकाकी येते आणि भाताचा लगदा होत नाही. शेफ हात पाण्याने ओला करतो, एका हाताने भाताचा छोटा गोळा उचलतो, दुसऱ्या हातातल्या माशाच्या कापावर वसाबी या झणझणीत हिरव्या वाटणाचा ठिपका लावतो आणि दोन-तीन दाबांत दोन्ही जोडतो. दाब कमी पडला तर घास बोटांतच सुटतो, जास्त झाला तर भात घट्ट बसतो. नीट जमलेली निगिरी हातात धरेपर्यंत टिकते आणि तोंडात विरघळते. भात अंगाएवढा कोमट आणि मासा त्याहून गार, हा फरकही चवीचाच भाग आहे.

म्हणून रेस्टॉरंट पारखायचे असेल तर आधी भात चाखावा. फ्रिजमधून आलेला गार, कडक भात ही बेफिकिरीची पहिली खूण. थंडीत भातातला स्टार्च पुन्हा आवळतो आणि दाणा टणक होतो. मग वरचा मासा कितीही महाग असला तरी घास फसतो.

कच्चा मासा आणि विश्वास

मासे घरोघरी शिजणाऱ्या पार्ल्यातही ‘कच्चा’ हा शब्द ऐकून लोक दचकतात, आणि ही काळजी रास्त आहे. समुद्री माशांत आनिसाकिससारखे कृमी असू शकतात. त्यावरचा उपाय म्हणजे खोल गोठवण. कच्चा खायचा मासा उणे 20 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सात दिवस ठेवावा, किंवा उणे 35 अंशांवर गोठवून 15 तास राखावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा निकष आहे. घरच्या फ्रिजरची ही ताकद नसते. बाजारातून आणलेली ताजी सुरमई किंवा रावस घरी कच्ची खाऊ नये ती यासाठीच. गोठवण्याने कृमी मरतात, जिवाणू मात्र सगळे मरत नाहीत. म्हणून मासा गोदामापासून ताटापर्यंत सतत थंड राहणे तितकेच महत्त्वाचे आहे. गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना डॉक्टर कच्चा मासा टाळायला सांगतात. त्यांच्यासाठी शिजवलेली कोळंबी, भाजलेला ईल, पिठात घोळून तळलेला टेम्पुरा आणि अंड्याचे तामागो हे पर्याय असतात.

मासा कुठला, गोठवलेला होता का, आज कोणता चांगला आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. आपल्या कामाचा अभिमान असलेला शेफ अशा प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो.

शाकाहारी आणि जैन टेबल

शाकाहारी सुशी जपानमध्येही जुनी आहे. काकडीचा कप्पा माकी, मुरवलेल्या मुळ्याचा रोल, गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरून केलेली इनारी हे तिथले नेहमीचे पदार्थ. मुंबईने त्यांत आव्होकाडो, शतावरीचे कोंब, क्रीम चीज, भाज्यांचा टेम्पुरा आणि तिखट मेयोनीज यांची भर घातली.

पण हिरवा ठिपका पाहून थांबणे पुरेसे नाही. मिसो सूपचा आधार असलेल्या दाशी या पाण्यात बहुधा बोनिटो माशाचे वाळवलेले कीस असतात. जपानी मेयोनीजमध्ये अंडे असते. रोलवरचे केशरी मणी माशाची अंडी असतात. खेकड्याच्या नावाने येणारी लालपांढरी कांडी माशाच्या लगद्याची असते, त्यामुळे ती शाकाहारी नाही आणि खेकडाही नाही. टेम्पुराचे तेल कोळंबीसाठी वापरलेले असू शकते. जैन ग्राहकाला आणखी विचारावे लागते: सोबतचे गुलाबी आले आणि मुळा जमिनीखालचे, वसाबीही कंदासारखे जमिनीलगतचे खोड, मशरूम वर्ज्य आणि सॉसमध्ये लसूण असण्याची शक्यता. मद्य टाळणाऱ्यांनी मिरिन या गोड तांदळाच्या मद्याची, आणि गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी सोया सॉसची चौकशी करावी, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगितले तर स्वयंपाकघराला बदल करता येतो. ताट आल्यावर सांगितले तर दोघांचाही विरस होतो.

खाण्याची रीत

निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. चॉपस्टिकच्या काड्या जमत नाहीत म्हणून अवघडण्याचे कारण नाही. घास उलटा करून माशाची बाजू सोया सॉसला हलकेच लावायची. भात बुडवला तर तो सॉस शोषतो, सुटतो आणि खारट होतो. शक्यतो एक तुकडा एका घासात खावा. आले दोन प्रकारांच्या मध्ये तोंड स्वच्छ करण्यासाठी असते, सुशीवर ठेवण्यासाठी नाही. वसाबी निगिरीत आधीच लावलेले असते, म्हणून चाखल्याशिवाय आणखी घेऊ नये. बहुतेक ठिकाणी मिळणारी हिरवी गोळी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंगाची असते. खरे वसाबी महाग असते आणि किसल्यावर त्याचा सुगंध साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो, म्हणून ते ताजे किसतात. काड्या भातात उभ्या रोवू नयेत. जपानमध्ये ती मृतासाठी ठेवलेल्या भाताची खूण आहे.

पहिल्या भेटीत सौम्यापासून सुरुवात करावी. काकडी किंवा आव्होकाडोचा रोल, मग शिजवलेली कोळंबी, मग सामन आणि शेवटी ट्यूना किंवा मॅकरेल असा क्रम जिभेला सोयीचा पडतो. मोठा थाळा एकदम मागवण्यापेक्षा थोडे थोडे मागवावे, म्हणजे प्रत्येक घास ताजा मिळतो.

घरपोच सुशी

हॅरी हाकुएई कोसातो यांच्या ‘सुशी अँड मोअर’सारख्या सेवांनी मुंबईला डब्यातल्या सुशीची सवय लावली. सोयीसाठी ती उत्तम, पण अनुभव निराळा. नोरी हे भाजलेले समुद्री शेवाळ भाताची आणि हवेची ओल ओढून घेते आणि मऊ, चिवट होते. पावसाळ्यात, स्वामी विवेकानंद मार्गावरच्या वाहतुकीत अर्धा-पाऊण तास गेल्यावर हाताने गुंडाळलेली कुरकुरीत तेमाकी तशी उरत नाही. म्हणून तेमाकी आणि निगिरी रेस्टॉरंटातच खाव्यात, घरी भात बाहेर असलेले रोल मागवावेत. व्हिनेगरमुळे भाताची आम्लता वाढते आणि जिवाणूंना आळा बसतो; कच्च्या माशाला मात्र हे संरक्षण पुरत नाही. डबा आल्याबरोबर संपवावा, कच्च्या माशाचा उरलेला भाग दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

बिल

सुशीचे बिल तुकड्यांच्या संख्येने फुगते. बारीक रोलचे बहुधा सहा आणि जाड रोलचे आठ तुकडे येतात, निगिरी एक-दोनच्या हिशेबाने. ऑर्डरआधी प्रत्येक प्रकाराचे तुकडे किती ते पाहून घ्यावे. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर 5 टक्के जीएसटी लागतो, महागड्या तारांकित हॉटेलांच्या आवारात 18 टक्के. सेवाशुल्क हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये ते आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती मनाई कायम ठेवली. उदाहरणार्थ, 3,000 रुपयांच्या जेवणावर 5 टक्के जीएसटी धरून 3,150 रुपये होतात. 10 टक्के सेवाशुल्क आधी जोडले तर करही 3,300 रुपयांवर लागतो आणि आकडा 3,465वर जातो. सेवा आवडली म्हणून बक्षिसी देणे ग्राहकाच्या खुशीवर आहे. सक्तीचे सेवाशुल्क काढायला सांगणे हा त्याचा हक्क आहे. रेस्टॉरंटने नकार दिला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.