घरातले काम हिशेबात यावे

मालेगाव आणि भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालू असतो. माग चालवणारा कारागीर सर्वांना दिसतो. पण घरी बसून जरीकाम करणारी, साड्यांना फॉल लावणारी, विड्या वळणारी बाई कोणाच्याच मोजणीत येत नाही. शाळेच्या अर्जात ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात आम्ही शिक्षक बहुधा एकच शब्द वाचतो : गृहिणी.

आपल्या देशात दर दहा कामकऱ्यांपैकी सुमारे नऊ जणांचे काम असेच असंघटित आहे. नेमणूकपत्र नाही, भरपगारी रजा नाही, म्हातारपणाची तजवीज नाही. रोजगारनिर्मिती म्हटली की आपल्याला नवा कारखाना आठवतो. कारखाने हवेतच, पण आज जे काम चालू आहे, त्याला चांगल्या रोजगाराचे रूप देणे हीसुद्धा रोजगारनिर्मितीच आहे.

हे अशक्य नाही. हमालाचा मालक रोज बदलतो, मग त्याला रजा आणि फंड कोण देणार? महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून याचे उत्तर शोधले. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही माथाडी मंडळात भरायची आणि मंडळाने नोंदणीकृत हमालाला मजुरी, फंड, रजेचा पगार द्यायचा. ओझे तेच राहिले, पण ते उचलणाऱ्याची नोंद झाली.

अहमदाबादेत १९७२ मध्ये इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही संघटना उभारली, तेव्हा अडचण आली की या बायकांना मालकच नाही, मग युनियन कुणाविरुद्ध? त्यांचे म्हणणे होते की, युनियन ही कुणाविरुद्ध नसून कामकऱ्यांच्या एकीसाठी असते. दोन वर्षांनी याच बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली.

आज ई-श्रम पोर्टलवर १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना आधार क्रमांकावर मोफत नोंदणी करता येते. २०२१ पासून ३० कोटींहून अधिक लोकांनी ती केली आहे. घरकाम करणाऱ्या आणि घरी बसून नगावर काम करणाऱ्या भगिनींनीही ती करावी. मात्र कार्डाने मजुरी वाढत नाही. त्यासाठी हिशेब लागतो.

म्हणून घरात एक वही ठेवू या. किती नग केले, किती तास लागले, सुई-दोरा आणि विजेचा खर्च किती, हातात काय आले, हे रोज लिहू या. खर्च वजा करून उरलेल्या पैशाला तासांनी भागले की खरी मजुरी कळते. आकडा पाहून पुष्कळ घरांत धक्का बसेल. पण मोहल्ल्यातील दहा जणींच्या वह्या एकत्र आल्या, तर माल आणून देणाऱ्याशी दराची बोलणी करता येतील. एकट्या बाईला तो ‘नको तर राहू दे’ म्हणतो. दहा जणींना तसे म्हणणे त्याला परवडणार नाही.

ही वही आपली सातवी-आठवीतली मुले सहज लिहू शकतात. त्यांना एवढे गणित येते.