कर्करोग : रुग्णाला आधार, शुश्रूषा करणाऱ्यालाही

कर्करोगाचे निदान हा रुग्णाइतकाच त्याच्या कुटुंबावर होणारा आघात असतो. उपचार रुग्णालयात होतात. परंतु ते पूर्णत्वास जातील किंवा नाही, हे बव्हंशी घर, शेजार आणि गाव यांवर अवलंबून असते. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. खेड्यातील शेतमजुराला तेवढा काळ शहरात राहावयाचे म्हणजे मजुरी बुडते, खर्च वाढतो आणि थोडे बरे वाटताच तो उपचार अर्धवट टाकून परततो. हे टाळणे, हे आधाराचे पहिले प्रयोजन होय.

निवास, प्रवास आणि खर्च

मुंबईत परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांच्या निवासासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था कार्य करतात. रेल्वेने उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास शयनयान वर्गात पूर्ण, तर त्याच्या सोबत्यास ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी विहित नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयांत कर्करोगावरील अनेक उपचार विनामूल्य होतात. शिधापत्रिका, ओळखपत्र व सर्व तपासण्यांचे अहवाल एकाच पिशवीत जपून ठेवावेत. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे पहिल्याच भेटीत जावे.

मनाला धीर

कर्करोग स्पर्शाने किंवा एका पंक्तीस जेवल्याने होत नाही. तरीही रुग्णाचे ताट वेगळे ठेवणारी घरे आढळतात. रोगाइतकीच ही अवहेलना जिव्हारी लागते. भेटीस येणाऱ्यांनी अमक्याला काय झाले होते, याच्या कथा सांगू नयेत. झाडपाल्याच्या उपायांचा आग्रह धरू नये. रुग्णाला बोलावेसे वाटेल तेव्हा शांतपणे ऐकून घ्यावे. आजाराविषयी त्याने विचारलेल्या प्रश्नांना डॉक्टरांच्या सल्ल्याने, सौम्य शब्दांत, परंतु खरी उत्तरे द्यावीत.

शुश्रूषा करणाऱ्याची काळजी

शुश्रूषेचा भार बहुधा पत्नी, आई किंवा सून यांच्यावर पडतो. झोप, जेवण आणि स्वतःचे दुखणे त्या बाजूला सारतात. 'काही मदत लागली तर सांगा' एवढे म्हणून त्यांचा भार हलका होत नाही. एका रात्रीचे जागरण, एका दिवसाचा स्वयंपाक, जनावरांचे वैरणपाणी असे नेमके काम कोणीतरी अंगावर घ्यावे.

घरच्यांना काही लक्षणेही ठाऊक असावीत. रासायनिक औषधोपचार चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्या काळात शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. वेदना निमूटपणे सोसण्याची आवश्यकता नाही. तीव्र वेदनांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडावाटे दिले जाणारे मॉर्फिन परिणामकारक ठरते. रोग बरा होण्यापलीकडे गेला, तरी वेदनाशमन व सेवा थांबत नाही. याच हेतूने मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले.

गावाचे कर्तव्य

ग्रामपंचायत सदस्यांनी योजनेची कागदपत्रे पुरी करण्यास साहाय्य करावे. शिक्षकांनी रुग्णाच्या मुलांची शाळा सुटणार नाही, हे पाहावे. आरोग्य कर्मचाऱ्यांनी पुढील तपासणीच्या तारखेची आठवण द्यावी. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती एका माणसाने एका कुटुंबाची जबाबदारी शेवटपर्यंत पाहण्याची.