पंख्याचा रेग्युलेटर का तापतो?

पंखा हळू केला की वीज वाचते, हे खरे, पण किती? जुन्या खोकेवजा रेग्युलेटरजवळ हात नेऊन पाहा. ऊब लागेल. त्याच्या आत रोधक तारेचे वेटोळे असते. 230 व्होल्टपैकी निम्मा दाब पंख्याला दिला, तर ढोबळमानाने उरलेला निम्मा तारेवर पडतो; प्रवाह दोहोंतून एकच. म्हणजे पंख्याइतकीच वीज नुसती उष्णता होऊन जाते!

इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधील ट्रायॅक हा चपळ स्विच आहे. सेकंदाला 50 आवर्तनांच्या आपल्या पुरवठ्यात तो दर अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, जरा उशिरा चालू होतो. बंद असताना प्रवाह जवळजवळ शून्य. चालू असताना त्याच्यावरील दाब जेमतेम एक-दीड व्होल्ट. मग तापणार काय? तुकड्यातुकड्यांनी वीज मिळाल्याने पंखा मात्र कधी कधी गुणगुणतो. कपॅसिटरच्या रेग्युलेटरला ही खोड नसते.